टिचकी कुठवर पोचली

१४ जानेवारी

भुंग्या,

अक्षर बघून घाबरू नकोस. प्यायलेलो नाही. उजव्या हातानं लिहितोय, म्हणून हे कोंबडीचे पाय.

पत्र लिहायची हौस आली म्हणून बसलोय असंही समजू नकोस. हा व्यायाम आहे. हॉस्पिटलात हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई आहेत, त्यांनी रोज एक पान लिहायला सांगितलंय. मी विचारलं, लिहू काय? तर म्हणाल्या, "कुणाला तरी पत्र लिहा, पान आपोआप भरतं." घरी येऊन विचार केला, कुणाला लिहायचं? आई पलीकडच्या खोलीत, तुझी वहिनी खाली दुकानात. पत्र लिहिण्याइतका लांब एकटा तूच आहेस. पत्ता आईकडे मागितला तर तिनं घडाघडा सांगितला, जणू विचारायचीच वाट बघत होती. तू रविवारी तिला फोन करतोस हे मला माहीत आहे. मी तेव्हा खाली जातो. तुमचं बोलणं मोकळेपणी व्हावं म्हणून.

हात ठीक आहे. मनगटावरची पट्टी निघाली. आत बोटं ओढणाऱ्या दोऱ्या कापल्या होत्या, त्या जोडल्या. एक मज्जातंतू कापला होता, तोही शिवला. दोऱ्या कामाला लागल्यात, बोटं वळतात. पण अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अंगठीच्या बोटाची अर्धी बाजू, एवढ्या भागाला काही म्हणजे काही कळत नाही. अंगठीचं बोट तर गंमतच आहे. करंगळीकडून हात लावला तर माझं, मधल्याकडून लावला तर शेजाऱ्याचं. एकाच बोटात दोन बिऱ्हाडं.

पेन हातात आहे की नाही ते बघितलं तरच समजतं. आत्ता खिडकीबाहेर कोण भांडतंय म्हणून मान वळवली, तर पेन केव्हाच खाली.

एक सांगून टाकतो, म्हणजे तुझ्या डोक्याला ताप नको. माझा तुझ्यावर राग नाही. काच पडली. काचेच्या दुकानात काच नाही पडणार तर काय कापूस पडणार? राग नाही, काही नाही. आतून शोधून बघितलं, खरंच काही सापडलं नाही.

पान भरलं.

दादा


२ फेब्रुवारी

भुंग्या,

मधली पानं पाठवली नाहीत. त्यात नुसतंच "आज हवा बरी आहे" लिहून ठेवलं होतं. आज थोडं सांगण्यासारखं आहे.

त्या बाईंचं नाव मी टिचकीबाई ठेवलंय. वयानं तुझ्याएवढ्या असतील, पण बोलणं हेडमास्तरणीचं. आठवड्यातून एकदा माझा हात टेबलावर उताणा ठेवतात आणि मनगटापासून बोटांकडे एकेक टिचकी मारत जातात. एका ठिकाणी झण्ण करून मुंग्या येतात, मी "इथे" म्हणतो, त्या पेनानं टिंब काढतात. मज्जातंतू वाढत वाढत कुठवर आलाय ते त्या टिंबावरून कळतं. त्याच्या पलीकडे अजून कुणी पोचलेलं नाही.

तुला वाटेल, शिवला की झालं, वायर जोडली की दिवा लागतो तसं. मलाही तसंच वाटलं होतं. पण तसं नसतं रे. कापलं की त्याच्या पुढचा सगळा धागा मरतो, बोटाच्या टोकापर्यंत. वरचं आवरण तेवढं पोकळ राहतं. मग कापलेल्या जागेपासून नवा धागा फुटतो आणि त्या पोकळ नळीतून पुढे सरकतो. दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही त्याची मर्जी असली तर. मी म्हटलं, "बाई, सरकारी कामसुद्धा याहून लवकर होतं." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या बोटातून पाठीच्या कण्यापर्यंत जाणारा धागा अखंड असतो. एकच पेशी. हाताएवढी लांब. ती वाढायला वेळ घेणारच." एकच पेशी हाताएवढी! शाळेत शिकवलं असेल, तेव्हा मी तुझ्या दप्तरात बेडूक घालण्यात गुंतलो असेन.

टिंब सध्या तळहाताच्या सुरुवातीला आहे. बोटं लांब आहेत.

दुकान अर्धं उघडतो. फोटो फ्रेमा, छोटे आरसे, खिडकीची फुटकी तावदानं. मोठ्या काचा घेत नाही. उचलायला दोन माणसं लागतात. शेजारच्या सुतारानं त्याचा पुतण्या देऊ केला होता, मी नको म्हटलं. कारण विचारू नकोस.

दादा


२१ फेब्रुवारी

भुंग्या,

आज वहिनी रुसली आहे आणि चूक माझी आहे, म्हणून लिहितोय. इतर कुणाला सांगण्यासारखं नाही.

टिचकीबाईंनी घरी करायचा एक खेळ दिलाय. मी डोळे मिटायचे, वहिनीनं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एखाद्या बोटाला स्पर्श करायचा आणि मी कोणतं बोट ते सांगायचं. मग डोळे उघडून तिथेच बघायचं, म्हणजे मेंदूला पुन्हा ओळख पटते. मेंदूत म्हणे हाताचा नकाशा असतो. त्यात अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला भलीमोठी जागा, आणि अख्ख्या पाठीला खुराड्याएवढी. बरेच महिने त्या जागेवर खबर आली नाही, तर शेजारची बोटं हातपाय पसरून ती बळकावतात. शिवाय नवे धागे चुकून दुसऱ्याच नळीत शिरतात. म्हणून खबर आली तरी चुकीच्या दारात येते. नकाशा पुन्हा शिकवायचा असतो.

तर रोज दुपारी जेवण झाल्यावर आम्ही खेळतो. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी "काही नाही" म्हणायचो. तिचं तोंड पडायचं. तिनं श्वास सोडल्याचं ऐकू यायचं. मग मी अंदाजानं ठोकायला लागलो. "मधलं." "अंगठा." चारांतलं एक बरोबर यायचंच. ती खूश. आईलाही जाऊन सांगायची, "आज तीनदा ओळखलं हो!"

आज मी डोळे मिटून बसलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सांगा." मी म्हणालो, "मधलं बोट."

मी डोळे उघडले. पेन्सिल टेबलावर पडलेली, तिचे दोन्ही हात मांडीवर.

"मी हात लावलाच नव्हता," म्हणाली.

मग उठून आत गेली आणि भांडी आपटायला लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटायला हवं, एवढं कळलं. पण वाटलं नाही. बसून राहिलो, टेबलावरची पेन्सिल बघत.

हे हाताचं दुखणं आहे की माझंच, देव जाणे. टिचकीबाईंना विचारणार होतो, राहून गेलं.

दादा


१९ मार्च

भुंग्या,

आज दोन बातम्या.

पहिली. तुझी वहिनी काच कापते! मी नव्हे, तिनं स्वतःहून कापायचा हिरा उचलला. एक माणूस तावदानासाठी खोळंबला होता आणि माझ्या हातून रेघ सरळ येईना. तिनं मला बाजूला सारलं, पट्टी लावली, एका दमात रेघ ओढली आणि टक् करून काच मोडली. कड अशी सुंदर की बाबा असते तर मला हाकलून तिला गल्ल्यावर बसवलं असतं. इतकी वर्षं नुसती बघून शिकली म्हणे. मी म्हटलं, "घरचा भेदी." ती म्हणाली, "निदान घरचा तरी."

दुसरी. मला स्वयंपाकघरात जायला बंदी आहे. चहा होतोय का बघायला उभा होतो, हात शेगडीच्या कडेला टेकला असेल. आई बाहेरून ओरडली, "काय जळतंय?" मी म्हटलं, "काही नाही." मग बघितलं तर माझंच मधलं बोट. फोड येऊन फुटलासुद्धा. मी आपला साधुपुरुषासारखा शांत. वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला.

त्यावरून टिचकीबाईंकडे विषय निघाला. त्यांनी फार चांगलं समजावून सांगितलं, तुला सांगतो. तुझ्या उपयोगाचं आहे.

आपण चटका बसला की हात मागे घेतो, तेव्हा मेंदूला विचारत नाही. कातडीतून खबर निघते, हातातून वर जाते, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचते. तिथे एक कारकून बसलाय असं समज. (हे माझं, बाईंचं नाही.) तो वर साहेबाला विचारत बसत नाही, तिथल्या तिथे हुकूम सोडतो: हात मागे! हात मागे येतो. साहेबाला, म्हणजे मेंदूला, नंतर कळवतात की साहेब, भाजलं होतं, आम्ही उरकून टाकलं. तेव्हा कुठे आपण "आई गं" म्हणतो. माझा कारकून रजेवर आहे, कारण खालून डाकच येत नाही.

मी घरी येताना सगळा वेळ हाच विचार करत होतो. तो दिवस पुन्हा समोर आणला.

सकाळी आपलं वाजलं होतं. तू म्हणालास, मोठ्या कारखान्यात जागा आहे, मी जाणार. मी म्हणालो, "जा की! तुझ्यावाचून कुणाचं अडलंय?" मग दोघं तोंड फुगवून कामाला लागलो. तू नेहमी गुणगुणतोस, त्या दिवशी गुणगुणतही नव्हतास. शोकेसची मोठी काच मांडणीवरून टेबलाकडे न्यायची होती. तू पुढे, उलटा चालत. मी मागे. अर्ध्या वाटेत तुझ्या बाजूनं काच एकदम खाली गेली. तू सोडलीस. आणि मी ती धरायला गेलो.

पडती काच धरायची नाही. बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. काच पडते आहे ना, पडू दे, तू मागे हो, काच पुन्हा मिळते. तुला ही गोष्ट मी शिकवली. आणि मीच धरली.

पण सांगायचंय ते हे, की तुझ्या बाजूला काही टोचलं असेल, चिरलं असेल, तर हात सुटला तो तू सोडला नाहीस. तुझ्या कारकुनानं सोडला. असं असेल तर तू सुटलास. शास्त्रच आहे ते.

मी हॉस्पिटलात लोकांसमोर "त्यानं सोडली" म्हणालो असं आई म्हणते. मला आठवत नाही. म्हणजे आठवतं. पण तेव्हा भूल उतरत होती.

दादा


११ एप्रिल

भुंग्या,

हात दुखतोय. टिंब बोटांच्या मुळाशी आलंय आणि आता सगळा तळवा भणभणतो. बनियन घालताना कापड घासलं तरी वीज चमकते. रात्रभर झोप नाही. टिचकीबाई म्हणाल्या, "अभिनंदन!" मी म्हटलं, तुमचं अभिनंदन तुमच्याकडे ठेवा. तर म्हणे, सगळ्यात आधी वेदना येते, ती आली म्हणजे घर पुन्हा वसतंय. धन्य आहे.

आणखी एक विचारलं त्यांना आज. म्हटलं, तो कारकून नेहमीच आपल्या मनानं हुकूम सोडतो का? त्या म्हणाल्या, नाही. साहेबाला आधीच ठाऊक असेल की हातातली वस्तू मोलाची आहे, तर साहेब वरून कारकुनाचा हात धरतो. उकळता चहा काठोकाठ भरलेला कप असेल, समोर लहान मूल बसलेलं असेल, तर बोटं पोळली तरी माणूस कप टेबलावर नेऊनच ठेवतो. आरडाओरडा नंतर.

मी घरी आलो आणि जेवलो नाही.

म्हणजे धरता येतं. टोचलं तरी, चिरलं तरी, दोन पावलं धरता येतं. टेबल दोन पावलांवर होतं! मग का नाही धरलीस? पलीकडे मी होतो ना? की सकाळी भांडलो म्हणून मी तुझ्या लेखी कुणीच नव्हतो? हात टोचल्याबरोबर तुझ्या डोक्यात काय आलं, मरू दे दादा?

जानेवारीत लिहिलं होतं, राग नाही. नव्हताच तेव्हा. आता आहे. गळ्यापर्यंत आहे. माझा हात गेला, माझं दुकान एका बाईच्या जिवावर चाललंय, आणि तू नऊ दिवसांत सामान बांधून चालता झालास, दादाला तोंडदेखलं "येतो" म्हणायलाही थांबला नाहीस. इतकी पत्रं लिहिली, एका ओळीचं उत्तर नाही. एवढा कसला माज आहे रे तुला?

एकच विचारतो. का सोडलीस?

लिही नाहीतर नको लिहूस.


१३ एप्रिल

परवाचं पत्र मी परत घेणार होतो. वहिनीनं सकाळीच पेटीत टाकलं. तिला वाटलं नेहमीसारखंच आहे, हवा बरी आहे वगैरे.

परत घेणार होतो म्हणजे खोटं आहे असं नाही.


८ जुलै

भुंग्या,

मधे काही लिहिलं नाही. व्यायामाचं पान मी आता गिऱ्हाइकांची मापं लिहून भरतो.

तू उत्तर देणार नाहीस हे धरून चाललोय. आईला विचारलं, त्याला पत्रं मिळतात का? मिळतात म्हणते. वाचतो का? वाचतो म्हणते. पुढे काही विचारलं नाही. ती दळण निवडत बसल्यासारखी ताटात बघत राहिली, ताटात काही नसताना.

टिचकी बोटांच्या मधल्या पेरापर्यंत आली. खेळात आता खरंच ओळखतो. मात्र पहिल्या बोटाला लावलं की अंगठ्यात कळतं. वहिनी म्हणते, "चुकीच्या दारात का होईना, आली ना पाहुणी!" पिशवीत हात घालून न बघता चावी ओळखली. बटण नाही ओळखता आलं. नट म्हणालो.

दुखणं कमी झालं. रागही उतरला. दोन्ही एकदमच उतरले की काय कुणास ठाऊक. आता परत तसंच, सपाट. गिऱ्हाईक विचारतात, धाकटे कुठे दिसत नाहीत? मी म्हणतो, मोठ्या कारखान्यात आहेत, मोठ्या काचा उचलतात. ते म्हणतात, वा. मीही वा म्हणतो.

दादा


२७ जुलै

भुंग्या,

हे पत्र व्यायामाचं नाही.

काल दुपारी वहिनी खाली दुकानात होती. आईचे पाय सुजलेत, रोज गरम पाण्यात ठेवते. पाणी तापलं होतं. बंदी असली तरी घरात दुसरं कोण होतं? मी पातेल्याचा काठ अंगठ्यानं आणि बोटानं धरला आणि उचललं. फडकं घ्यायची सवय मोडलीय, गेले आठ महिने या बोटांना गरम-गार सारखंच. आई शेजारीच स्टुलावर बसली होती.

आणि हात उडाला. दुसरा शब्द नाही. मला भाजलं हे कळायच्या आधी माझा हात छातीशी आलेला आणि पातेलं खाली. अर्धं पाणी आईच्या पायावर.

साहेब, कारकून, मोलाची वस्तू, सगळं मला पाठ आहे. समोर आई होती रे. आईहून मोलाचं काय असतं? तरी मला कुणी विचारलं नाही. माझ्याच हातानं मला विचारलं नाही.

आईनं पाय वर घेतला, डोळे घट्ट मिटले, आणि पहिलं वाक्य काय बोलली सांगू? "तुझ्या हाताला लागलं का रे?"

मी तिला उचलून नळाखाली नेलं. पायावर पाणी सोडत बसलो. पाऊल लाल झालं होतं, पण फोड आले नाहीत, आज बरी आहे, काळजी करू नकोस. मी लहान पोरासारखा सारखं तेच म्हणत होतो, "मी सोडलं नाही गं आई, सुटलं. सुटलं ते."

"माहितीय मला," ती म्हणाली. "तोही हेच म्हणत होता."

"कोण तो?"

"कोण म्हणजे? धाकटा. दुसरा कोण आहे तुला?"

मग तिनं सांगितलं. नळ चालूच होता, बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. काचेची कड तुझ्या उजव्या हातात घुसली होती, बोटांच्या मुळाशी. हॉस्पिटलात मला आत घेऊन गेल्यावर तू हात रुमालात गुंडाळून तसाच बाहेर बसलास, आणि रात्री कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन टाके घालून आलास. आईला सांगितलंस, दादाचा अख्खा हात गेलाय, त्यात माझं पुराण कुठे लावतेस, बोललीस तर माझी शपथ आहे. आणि कारखान्यात तू काच उचलतच नाहीस. गेटवर उभा राहतोस, गाड्या आत सोडतोस. काच तुझ्या हातात राहत नाही म्हणून.

मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, "इतके महिने! मला सांगता येत नव्हतं?"

ती म्हणाली, "तू विचारलंस? शुद्धीवर आल्या आल्या तू विचारलंस, त्यानं काच का सोडली. तो दारातच उभा होता. त्याला लागलं का, एवढं एकदा विचारलं असतंस तर शपथ मोडून सांगितलं असतं. मी वाट बघत होते."

मी नळ बंद केला. तिचा पाय पुसला. मग तिथेच ओल्या फरशीवर बसून रडलो. किती वेळ ते माहीत नाही. वहिनी वर आली, तिनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदर खोचून फरशी पुसायला घेतली. नंतर म्हणाली, "आता तरी पत्र नीट लिहा."

तर नीट लिहितो.

आज सकाळी टिचकीबाईंकडे गेलो होतो, माझ्यासाठी नव्हे. त्यांना विचारलं, बोटांच्या मुळाशी चिरलं असेल आणि वरून नुसती कातडी शिवली असेल तर? त्या म्हणाल्या, आतला मज्जातंतू तसाच तुटलेला राहिला असेल. इतका उशीर झाल्यावर खात्री देता येत नाही, पण बोटातला तंतू उशिरानंही जोडतात कधीकधी, माणूस आणून दाखवा. "कोण आहे?" म्हणाल्या. मी म्हटलं, माझा भाऊ. मी त्याला विचारायला विसरलो.

कोणती बोटं आहेत? मधलं आणि अंगठीचं, की पहिलं पण? जखमेच्या पलीकडे कापूस फिरवला तर कळतं का? चटके बसतात का न कळता? बसत असतील तर फोड आल्यावर काय लावतोस? थंडीत बोटं निळी पडतात का? हे सगळं मला ठाऊक आहे रे, मला विचार. गाडीचं तिकीट काढून मीच येतो, रविवारी. तू फोन करायच्या वेळी मी तुझ्या दारात असेन. हाकललंस तर बाहेर बसेन.

आणि एक. जानेवारीपासून मी पानांवर पानं पाठवतोय आणि तुझं एक अक्षर नाही म्हणून तुला काय काय बोललो. माजलाय म्हणालो.

भुंग्या, तुला लिहिता येतं ना?

दादा